प्रकल्प नोंदी: घाटात ओढ सोडणारी डिझेल हॅचबॅक आणि हवेचा हिशोब

गाडी: चार सिलिंडर, १२४८ सीसी कॉमन रेल डिझेल, व्हेरिएबल टर्बो (हवा दाबून इंजिनात ढकलणारा, आतल्या झडपांनी दाब कमी-जास्त करणारा), इंटरकूलर (ती दाबलेली हवा थंड करणारा). २०१३ चं मॉडेल, १,४८,००० किमी. मुक्काम रत्नागिरी-पावस पट्ट्यात, घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. हंगामात आंब्याच्या पेट्या भरून कोल्हापूरच्या फेऱ्या.

१८ एप्रिल २०२४

तक्रार: सपाटीला गाडी ठीक चालते. साखरपा सोडून आंबा घाट लागला की तिसऱ्या गिअरमध्ये ओढत नाही. २५०० आरपीएमच्या आसपास चेक लाइट लागतो आणि मग इंजिन ३००० च्या वर जात नाही. किल्ली बंद करून पुन्हा चालू केली की थोडा वेळ बरी. ॲव्हरेज १९ वरून १५ वर आलाय.

आधी दुसरीकडे एअर फिल्टर आणि एअरफ्लो सेन्सर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) बदलून झालेत. सेन्सर बाजारातला स्वस्तातला. गाडीमालकाला नीट विचारल्यावर सर्वांत कामाची माहिती मिळाली: नवा सेन्सर लावल्यावर काळा धूर कमी झाला, पण ओढही आणखी कमी झाली. जुना सेन्सर डिकीत ठेवलेला आहे. हे फार बरं झालं, बदललेला भाग कधीही टाकून देऊ नये.

स्कॅनरवर बिघाडाचे कोड दोन: पी०१०१ (एअरफ्लो सेन्सरचं माप अपेक्षेत बसत नाही) आणि पी०२९९ (टर्बोचा दाब मागणीपेक्षा कमी). कोड पुसण्याआधी पी०२९९ ची फ्रीझ फ्रेम (कोड पडला त्या क्षणाच्या आकड्यांची नोंद) उतरवून घेतली: २४६० आरपीएम, दाबाची मागणी २१४० हेक्टोपास्कल, प्रत्यक्ष १५८०, मॅनिफोल्डची (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीची) हवा ५५ अंश, एअरफ्लो ५०८ मिलिग्रॅम प्रति स्ट्रोक. कोड आधी पुसला की ही नोंदही जाते, आणि पुन्हा ती मिळवायला घाट चढावा लागतो.

पी०१०१ दिसला की सेन्सर खराब, असा समज इतका पसरलाय की निम्म्या गाड्या नवा सेन्सर लावूनच पुढच्या गॅरेजला येतात. कोडचा अर्थ एवढाच, की सेन्सरने मोजलेली हवा आणि इंजिनाला लागायला हवी ती हवा यांचा मेळ बसत नाही. चूक मोजणाऱ्याची असेल किंवा मधल्या वाटेची.

१९ एप्रिल, सकाळी, इंजिन थंड

रात्रभर उभी गाडी. किल्ली ऑन, इंजिन बंद. या अवस्थेत सेन्सर एकमेकांची साक्ष देतात, म्हणून ही तपासणी सकाळी पहिल्यांदा.

वातावरणाचा दाब १००८, बूस्ट सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) १०१०. दहा-पंधराच्या आत फरक, म्हणजे बूस्ट सेन्सर शून्यावर बरोबर. बाहेरची हवा, मॅनिफोल्डची हवा आणि कूलंट, तिन्ही तापमानं २७ ते २८ अंश. एअरफ्लो शून्याजवळ. आता बूस्ट सेन्सर आणि तापमान यांच्यावर हिशोब उभा करता येतो.

एअरफ्लो सेन्सरचा कनेक्टर उघडला. समुद्रकाठच्या गाड्यांत पिनांवर हिरवा थर चढतो, तो इथे अगदी पुसट होता. पुरवठा १२.१ व्होल्ट. इंजिन चालू ठेवून अर्थच्या पिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत २८ मिलिव्होल्ट. ५० च्या आत असेल तर पुढे जायचं. कनेक्टरचं रबरी सील मात्र गायब होतं, ते बसवलं.

१९ एप्रिल, दुपारी: हिशोब

हा हिशोब गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. एका सिलिंडरची जागा १२४८ भागिले ४, म्हणजे ३१२ सीसी. हवेची घनता (मिलिग्रॅम प्रति सीसी) अशी: मॅनिफोल्डचा दाब हेक्टोपास्कलमध्ये, भागिले २.८७, भागिले (तापमान अधिक २७३). त्याला ३१२ ने गुणायचं आणि सिलिंडर पूर्ण भरत नाही म्हणून ०.९ ने गुणायचं. डिझेलला हा गुणांक साधारण ०.८५ ते ०.९५ धरतात, आरपीएमनुसार थोडा हलतो. म्हणून पाच-सात टक्क्यांच्या फरकावरून निकाल द्यायचा नाही, दहाच्या वर गेला तरच बोट ठेवायचं.

पाण्याच्या पंपाचं माप आणि टाकीच्या नळाचं माप जुळत नसेल तर मधला पाइप बघतात, तसंच इथे. एअरफ्लो सेन्सर तोंडाशी मोजतो, बूस्ट सेन्सर मॅनिफोल्डमध्ये.

एअरफ्लो हिशोबापेक्षा बराच जास्त आणि दाब कमी: मोजलेली हवा टर्बोनंतर कुठेतरी बाहेर जाते. इंजिनाला हवा कमी मिळते, पण ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) एअरफ्लोवर विश्वास ठेवून डिझेल सोडतो. म्हणून काळा धूर.

एअरफ्लो कमी, दाब मागणीइतका: सेन्सर कमी मोजतो, किंवा सेन्सर आणि टर्बो यांच्या मधून न मोजलेली हवा आत येते. ईसीयू डिझेल कापतो, गाडी बिनधुराची मरगळते.

एअरफ्लो कमी, दाबही कमी, पण दोन्हींचा मेळ बसतो: फिल्टर किंवा सायलेन्सर चोंदलाय, नाहीतर टर्बो फिरतच नाही.

फक्त आयडलला (पॅडल न दाबता) एअरफ्लो कमी, वर ठीक: ईजीआर व्हॉल्व्ह (जळका वायू पुन्हा इंजिनात सोडणारा) पूर्ण मिटत नाही. सिलिंडरची जागा जळक्या वायूने भरली की ताज्या हवेला जागा उरत नाही. मॅनिफोल्डचं तापमानही चढतं.

आता फ्रीझ फ्रेम: १५८० भागिले २.८७ भागिले ३२८ बरोबर १.६७८. गुणिले ३१२ गुणिले ०.९ बरोबर ४७१. सेन्सर म्हणतो ५०८. फरक आठ टक्के, म्हणजे निकालाच्या रेषेच्या आतच. पण दाब ५६० ने पडलेला असताना हा आकडा इतका सभ्य दिसणं पटत नाही. नव्या सेन्सरनंतर धूर कमी झाला हे लक्षात घेतलं तर एकच अर्थ निघतो: हवा गळते आहे आणि सेन्सर कमी मोजतो आहे, दोन चुका एकमेकींना झाकताहेत. पुढची सगळी तपासणी या दोन्ही गोष्टी वेगळ्या करण्यासाठी.

२० एप्रिल: सेन्सर वेगळा काढणे

इंजिन पूर्ण गरम, एसी बंद, आयडल ८५० आरपीएम. ईजीआरचा कनेक्टर काढून व्हॉल्व्ह बंद राहील असं केलं. एअरफ्लो २५२. मॅनिफोल्डचा दाब १००५, तापमान ४५ अंश. हिशोब: १००५ भागिले २.८७ भागिले ३१८ बरोबर १.१०१, पुढे गुणून ३०९. तब्बल १८ टक्क्यांची तूट.

ही तूट सेन्सरची की ईजीआरच्या गळतीची? ईजीआरच्या पाइपच्या फ्लँजमध्ये दोन मिमी पत्र्याची सलग पट्टी तात्पुरती घातली. एअरफ्लो २६८ झाला. म्हणजे पाच टक्के ईजीआरचे (व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही), आणि अजून तेरा टक्के शिल्लक.

पट्टी तशीच ठेवून डिकीतला जुना सेन्सर लावला: ३१२. हिशोब ३०९. जुना सेन्सर निर्दोष.

पट्टी तपासणीपुरतीच. ती कायमची ठोकून देणारे बरेच आहेत. त्याने प्रदूषण वाढतं, आणि ईजीआर चालू-बंद करून एअरफ्लोतला बदल पाहणारा ईसीयू पुन्हा कोड टाकतो.

जुन्या सेन्सरची साफसफाई केली नाही, कारण माप बरोबर होतं. करायची वेळ आली तर फक्त एअरफ्लो सेन्सरसाठीचा स्प्रे, दहा-बारा फवारे, आणि लावण्याआधी पूर्ण वाळू द्यायचा. कार्ब्युरेटर क्लीनर, पेट्रोल, कापसाची काडी, कंप्रेसरची हवा, यातलं काहीही सेन्सरमधल्या हवा मोजणाऱ्या पातळ फिल्मला चालत नाही.

फिल्टरचा डबा उघडला. नवा फिल्टर एका कडेला नीट बसलेला नव्हता, रबरी कड दुमडलेली. स्वच्छ बाजूच्या पाइपात पांढरं फडकं फिरवलं तर तांबडं निघालं. जांभ्याच्या रस्त्यांची धूळ बारीक आणि कठीण असते. ती सेन्सरच्या फिल्मवर आपटते आणि पुढे टर्बोच्या पात्यांची धार खाते. टर्बोच्या तोंडाशी आरसा धरून पाहिलं: पात्यांच्या कडा शाबूत. शाफ्ट आडवा किंचित हलतो, तेवढा चालतो. पुढे-मागे हाताला हालचाल लागत नाही. टर्बो वाचलाय. योग्य मापाचा फिल्टर आणला, डबा पुसून काढला.

२२ एप्रिल: घाटात मोजणी

जुना सेन्सर, नवा फिल्टर, ईजीआरची पट्टी काढलेली. मार्ग रत्नागिरी, हातखंबा, पाली, नाणीज, साखरपा, आंबा घाट. गाडीत चालक धरून सव्वातीनशे किलोच्या आसपास वजन. स्कॅनरवर चारच आकडे निवडले: आरपीएम, मागितलेला दाब, मिळालेला दाब, एअरफ्लो. जास्त निवडले की साधा स्कॅनर मंदावतो आणि कामाचा क्षण दोन नोंदींच्या मध्ये निसटतो. तापमान चढणीच्या आधी आणि नंतर पाहून घेतलं.

तिसरा गिअर, पॅडल पूर्ण, २४५० आरपीएम: मागणी २१४०, मिळाले १५८०, एअरफ्लो ५८५, तापमान ५५. हिशोब ४७१. एअरफ्लो २४ टक्के जास्त. आरशात काळा धूर परतलेला. आता आकडे खरं बोलतात: मोजलेल्या हवेतला पाचवा हिस्सा इंजिनापर्यंत पोचतच नाही.

गाडी अशीच हाकत राहिली तर मोठा धोका टर्बोला. दाब मिळत नाही म्हणून ईसीयू टर्बोच्या झडपा मिटवत जातो, टर्बो मर्यादेपलीकडे फिरतो. पाइपची चीर हजार-दोन हजारांत मिटते, टर्बोचं तसं नाही.

घाटमाथ्यावर थांबून आयडल पुन्हा पाहिला. वातावरणाचा दाब ९४२ वर आलेला, त्यामुळे एअरफ्लोही त्याच प्रमाणात सहा-सात टक्के खाली. हे दुखणं नाही. किनाऱ्यावरचे आकडे घाटावर आणि घाटावरचे किनाऱ्यावर लावायचे नाहीत, दर वेळी तिथला दाब धरून हिशोब करायचा.

२३ एप्रिल: गळती शोधणे

स्मोक मशीन आधी लावलं. त्याचा दाब अगदी कमी असतो, साधारण ०.०५ बार. काही दिसलं नाही. टर्बोच्या पाइपची चीर दाबाखाली उघडते आणि एरवी ओठ मिटून बसते, म्हणून स्मोक मशीनच्या नकारावर विसंबायचं नाही.

दाबचाचणी दोन टप्प्यांत. पहिला टप्पा सेन्सर ते टर्बो: ब्रीदरचं (क्रँककेसची वाफ आणणाऱ्या नळीचं) तोंड बंद करून ०.२ बार. हा पाइप शोषणाचा आहे, जास्त दाब द्यायचा नाही. गळती नाही.

दुसरा टप्पा टर्बोच्या तोंडापासून. जाड पीव्हीसीची टोपी, तिला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवलेला, रबरी तुकडा आणि दोन क्लिपांनी टर्बोच्या तोंडावर घट्ट. टोपीला पट्टा बांधलाच पाहिजे, सुटली तर गोळीसारखी येते. समोर उभं राहायचं नाही. तेलाची टोपी सैल, कारण थोडी हवा पिस्टन रिंगांवरून खाली जातेच. कंप्रेसरला रेग्युलेटर, ०.२ च्या पायऱ्यांनी दाब वाढवत नेला.

०.२ बार: सायलेन्सरच्या टोकाशी सुस्कारा. एखाद्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी थोडे उघडे असले तरी असा आवाज येतो, म्हणून क्रँक पाव फेरा फिरवून पुन्हा ऐकलं. आवाज कायम. ईजीआरवर शिक्कामोर्तब.

०.४ बार: खालून फुस्स. साबणाचं पाणी टाकल्यावर टर्बोकडून इंटरकूलरला जाणाऱ्या पाइपच्या पोटाशी फेस उसळला. ०.८ बारला चीर डोळ्यांनी दिसली, ३५ मिमी लांब, ब्रॅकेटच्या कडेला घासणाऱ्या जागी. वरून टॉर्च मारून ती दिसणं शक्यच नव्हतं. मात्र तिच्याभोवती तेलकट तांबड्या धुळीचा जाड थर होता, आणि तो आधीच खूण सांगत होता. टर्बोच्या पाइपवर ओली तांबडी माती एकाच जागी साचली असेल तर तिथे आधी हात घालावा.

चीर का पडली याची कारणं तीन, आणि तिन्ही काढल्याशिवाय नवा पाइपही टिकणार नाही. क्रँककेसच्या वाफेबरोबर येणारं तेल साध्या रबराला आतून मऊ करतं. क्लिप खाऱ्या हवेने खालच्या बाजूने गंजून पातळ झाली होती, पाइप घसरून ब्रॅकेटकडे झुकलेला. आणि इंजिनाचं खालचं माउंटिंग फाटलेलं, त्यामुळे जोर पडला की इंजिन झुकतं आणि पाइप कडेवर दाबला जातो.

२५ एप्रिल: दुरुस्ती

पाइप: आतला व्यास ५० मिमी, चार पदरी सिलिकॉन, आतून फ्लुरोसिलिकॉनचं अस्तर असलेला. अस्तर नसलेला सिलिकॉन पाइप टर्बोला घेऊ नये, त्यातून तेल पाझरतं. पंक्चरचं सोल्युशन, टेप, ट्यूबचा तुकडा यांनी ही चीर सांधत नाही, एक बार दाबाला सगळं सुटतं.

क्लिपा: स्टेनलेसच्या टी-बोल्ट, ५ न्यूटन-मीटर. किनाऱ्यावर झिंकचा मुलामा दिलेल्या क्लिपा लावणं म्हणजे दोन पावसाळ्यांनंतरच्या गळतीची सोय. पाइपची तोंडं आणि नळ्या तेल पुसून कोरड्या केल्या, तेलकट नळीवरून पाइप दाबाखाली सरकतो.

ब्रॅकेटची कड कानसून गोल केली, पाइपपासून दहा मिमी अंतर राहील असं वळवलं. माउंटिंग नवं.

इंटरकूलर खोलून उलटा केला, १२० मिलि तेल निघालं. हे काढणं टाळू नये. पाइप दुरुस्त होऊन दाब वाढला की साठलेलं तेल एकदम इंजिनात जातं, आणि डिझेल इंजिन ते इंधन म्हणून जाळत ताबा सोडून पळू शकतं. तेलाची पातळी डिपस्टिकवर वरच्या खुणेच्याही वर होती, ती खुणेवर आणली. जास्त तेल भरणं हे त्या १२० मिलिमागचं मुख्य कारण दिसतं.

ईजीआर व्हॉल्व्ह काढला. बैठकीवर कडक कार्बन, व्हॉल्व्ह दीड मिमी उघडा राहत होता. क्लीनरमध्ये भिजवून प्लास्टिकच्या पट्टीने खरवडला, पोलादी ब्रश बैठकीला लावला नाही. डिझेल ओतून पाहिलं, थेंब उतरत नाही. नवं पॅकिंग, मग स्कॅनरमधून बंद स्थिती पुन्हा शिकवली.

व्हेरिएबल टर्बोच्या झडपा हलवणारा ॲक्च्युएटरही हातपंपाने पाहिला: ०.६ बार निर्वात दिल्यावर दांडा अडथळ्याविना वर गेला आणि तिथेच राहिला. ठीक.

२६ एप्रिल

दाबचाचणी पुन्हा: ०.९ बार, पाइप कोरडे, सायलेन्सरकडे शांतता. आयडल, ईजीआर बंद: ३११. ईजीआर चालू झाल्यावर एअरफ्लो खाली येतो, कनेक्टर काढला की वर जातो, म्हणजे व्हॉल्व्ह काम करतोय.

घाट, तेच वजन, तिसरा गिअर, २५०० आरपीएम: मागणी २१४०, मिळाले २१३०, तापमान ५२. हिशोब ६४१, एअरफ्लो ६५०. फरक दीड टक्का. पूर्ण चढणीत धूर नाही, कोड नाही.

बाजारातला सेन्सर गाडीमालकाला परत दिला, खोक्यावर ‘१३ टक्के कमी मोजतो’ असं लिहून.

१४ जून

पाऊस लागल्यावरची तपासणी. क्लिपा ५ न्यूटन-मीटरला, एकही सरकलेली नाही. ब्रॅकेटचं अंतर कायम. ॲव्हरेज साडेअठरा. एअरफ्लोच्या कनेक्टरमध्ये ओल नाही.

फिल्टरच्या डब्याच्या तळाचं पाणी निघायचं भोक मात्र पाला आणि चिखलाने बुजलेलं होतं. ते मोकळं केलं. इथल्या पावसात डब्यात पाणी साचलं की फिल्टरचा कागद भिजतो, फुगतो आणि एअरफ्लो पुन्हा पडतो, त्या वेळी दाबही त्याच्याबरोबर पडलेला दिसेल. फिल्टर कोरडा होता, तसाच ठेवला. पुढची तपासणी गणपतीच्या आधी: क्लिपा, भोक, आणि आयडलचा आकडा.